बर्फाळ रस्त्यावर मोडायच्या सवयी : सोलापूरहून हिमाचलला गाडी नेणाऱ्यांसाठी

नाताळच्या सुट्टीत किंवा गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या उत्तरार्धात, स्वतःची गाडी घेऊन हिमाचल गाठणारी कुटुंबे सोलापुरात आता कमी नाहीत. आपल्या गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ बीड, धुळे, इंदूर, कोटा, जयपूर करत थेट पंजाबातील संगरूरला पोहोचतो आणि पुढे कुल्लूपर्यंतचा रस्ताही आता बराच रुंद झाला आहे, त्यामुळे दोन हजार किलोमीटरांहून मोठा हा पल्ला आपल्या चालकांना जड जात नाही. खरी परीक्षा शेवटच्या तीस-चाळीस किलोमीटरांत असते. मनालीहून सोलंग, तेथून अटल बोगदा आणि बोगद्यापलीकडे लाहौलमधील सिस्सू, एवढ्याच टप्प्यात बर्फ लागतो, आणि तिथे गाडी बिघडण्याआधी चालकाचा हात व पाय चुकतो. वर्षानुवर्षे एकही अपघात न करणाऱ्या मुरलेल्या चालकाला हा धोका नवशिक्यापेक्षा अधिक असतो, कारण त्याचे हातपाय विचार न करता चालतात आणि ते चालतात सोलापूरच्या तापलेल्या, कोरड्या डांबराच्या हिशेबाने.

हा हिशेब बर्फावर किती बदलतो ते आधी नीट समजून घ्यावे. कोरड्या डांबरावर टायर आणि रस्ता यांच्यातील घर्षणाचा गुणांक साधारण ०.७ असतो. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ पर्यंत खाली येतो आणि काचेसारख्या गोठलेल्या थरावर ०.१ किंवा त्याहूनही कमी होतो. याचा अर्थ असा की ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या रस्त्यावर सुमारे ९ मीटरांत थांबते, तर गोठलेल्या रस्त्यावर तिला ६० मीटरांहून अधिक अंतर लागते. ताशी ६० च्या वेगात हेच अंतर २० मीटरांवरून १४० मीटरांच्या घरात जाते. वेग ताशी २० वर आणला, तरच ते १५-१६ मीटरांवर येते. हे सगळे सपाट रस्त्याचे आकडे आहेत. सोलंगकडून मनालीला येताना उतार असतो आणि उतारावर अंतर आणखी वाढते. म्हणून बर्फावर ताशी १५ ते २० हाच वेग धरावा, मागचा कितीही हॉर्न वाजवो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. बर्फ सर्वांत निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नव्हे, तर पारा शून्याच्या आसपास असताना, कारण तेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो. उन्हाने थोडा वितळलेला बर्फ सूर्य डोंगराआड गेला की पुन्हा गोठू लागतो. दुपारी ज्या रस्त्याने गाडी आरामात वर गेली, तोच रस्ता संध्याकाळी पाचला उतरताना वेगळाच झालेला असतो. परतीचा प्रवास दुपारी तीनच्या सुमारास सुरू करावा आणि सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचावे. रात्रभर गाडी हाकून एका दमात पल्ला मारण्याची आपली सवय कुल्लूपर्यंतच ठेवावी.

ब्रेक, गिअर आणि न्यूट्रल

पुणे महामार्गावर आपण नव्वद-शंभरच्या वेगात असतो, गावाजवळ गतिरोधक दिसतो आणि अगदी जवळ आल्यावर जोरात ब्रेक मारून गाडी आवरतो. या सवयीला आपण चालकाचे कौशल्य मानतो. बर्फावर नेमकी हीच सवय सर्वाधिक घातक ठरते. ब्रेक जोरात दाबताच चाके फिरायची थांबतात, गाडी मात्र घसरत पुढे जातच राहते, आणि न फिरणारी पुढची चाके कितीही वळवली तरी गाडीला दिशा देऊ शकत नाहीत. समोरचे वळण, वाहन किंवा माणूस दिसताच पाय ॲक्सिलरेटरवरून उचलावा, गाडी इंजिनाच्या ओढीने मंदावू द्यावी, मग ब्रेकला हलका, एकसारखा दाब द्यावा. वळणाचा वेग वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच कमी करावा. वळणात शिरल्यावर ब्रेकला पायही लावू नये.

२०१९ नंतर विकल्या गेलेल्या बहुतेक सर्व कारमध्ये एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, असते. अशा गाडीत संकटाच्या वेळी ब्रेक एकदाच पूर्ण दाबून धरावा आणि स्टिअरिंग वळवत राहावे. पॅडल पायाखाली थरथरते आणि कट-कट आवाज येतो, तेव्हा अनेकजण ब्रेक बिघडला समजून पाय काढतात. ते एबीएसचे कामच आहे, पाय काढू नये. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत मात्र ब्रेक दाबणे आणि सोडणे हे लागोपाठ करावे लागते. एबीएस चाक अडकू देत नाही, पण नसलेली पकड निर्माण करत नाही, आणि मोकळ्या भुसभुशीत बर्फात तर त्यामुळे थांबण्याचे अंतर वाढूही शकते. त्याच्या भरवशावर वेग वाढवणे चुकीचे आहे.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडणारे चालक आपल्याकडे अजूनही आहेत. तुळजापूरचा घाट लहान असल्याने तिथे हे खपून जाते. हिमाचलच्या उतारावर न्यूट्रल म्हणजे सगळा भार ब्रेकवर, आणि बर्फात ब्रेकवर भार म्हणजे घसरण. उतार सुरू होण्यापूर्वीच पहिला किंवा दुसरा गिअर टाकावा आणि त्याच गिअरमध्ये खाली यावे. मात्र खालचा गिअर टाकताना क्लच झटकन सोडू नये. तसे केल्यास चाकांना इंजिनाचा झटका बसतो आणि ब्रेक मारल्यासारखीच गाडी घसरते. ऑटोमॅटिक गाडीत खालचा गिअर हाताने निवडण्याची किंवा ‘एल’ची सोय असते, ती सोलापुरात असतानाच शोधून वापरून पाहावी. वेग आपोआप कायम ठेवणारे क्रूझ कंट्रोल बर्फात कधीही लावू नये.

गाडी जागेवरून हलवताना आपण ॲक्सिलरेटर देतो, हाफ क्लचवर इंजिन गुरगुरवतो आणि सोडतो. बर्फावर अशाने चाक जागच्या जागी फिरते. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर जवळजवळ न देता, क्लच केसाकेसाने सोडत गाडी हलवावी. चढ असेल तर समोरची गाडी माथ्यावर पोहोचेपर्यंत खालीच थांबावे आणि मग एकाच संथ वेगात, मध्ये न थांबता चढावे. अर्ध्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा हलेलच याची खात्री नसते.

अंतर, ओव्हरटेक आणि दिवे

दोन गाड्यांमध्ये जागा सोडली तर तिसरा घुसतो, म्हणून पुढच्याच्या डिकीला चिकटून चालायचे, हे आपल्या शहरी रहदारीचे वळण आहे. बर्फावर पुढच्या गाडीपासून किमान आठ-दहा सेकंदांचे अंतर हवे. एखाद्या खांबाजवळून पुढची गाडी गेली की मोजायला सुरुवात करावी आणि आपण तिथे पोहोचेपर्यंत दहा आकडे व्हायला हवेत. कोणी मध्ये घुसलेच तर त्याला घुसू द्यावे आणि आपण आणखी मागे राहावे.

रांग थांबलेली दिसली की उजवीकडून गाडी काढून पुढे जाण्याची घाई तर अनेक तासांच्या कोंडीचे कारण होते. बर्फ काढलेला रस्ता एका गाडीपुरताच मोकळा असतो आणि बाजूला ढकललेल्या बर्फाखाली नाली आहे, दगड आहे की कडा संपलेला आहे, हे दिसत नाही. रांग मोडणारी एक गाडी समोरून येणाऱ्या वाहतुकीसमोर अडकली की बर्फ काढणारे यंत्रही तिथे पोहोचू शकत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग आणि अटल बोगद्याच्या दरम्यान बर्फवृष्टीत शेकडो गाड्या अडकल्या होत्या, तेव्हा पोलिसांना रात्रीपर्यंत पर्यटकांना बाहेर काढावे लागले. रांगेत उभे राहणे हेच अशा वेळी सर्वांच्या हिताचे असते. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी वाट द्यावी हा नियम आहेच. तो पाळता यावा म्हणून उतरणाऱ्याने रुंद जागा दिसताच आधीच थांबावे.

बर्फ पडत असताना अप्पर लावला तर प्रकाश समोरच्या कणांवरून परत डोळ्यांवर येतो आणि दिसणे कमी होते, म्हणून डिपरवरच चालवावे. चारही इंडिकेटर लावून चालण्याची प्रथाही सोडावी. त्यामुळे आपण कोणत्या बाजूला वळणार ते मागच्याला कळत नाही आणि आपण उभे आहोत की चालतो आहोत हेही कळत नाही. ते दिवे गाडी उभी असेल तेव्हासाठी आहेत.

खड्डा चुकवण्यासाठी आपण स्टिअरिंगला जो अचानक हिसका देतो, तो बर्फावर गाडी आडवी करायला पुरेसा असतो. तिथे छोटा खड्डा चुकवण्यापेक्षा त्यातून सरळ जाणे परवडते.

न दिसणारा बर्फ

पांढरा बर्फ दिसतो, त्यामुळे माणूस आपोआप सावध होतो. जीव धोक्यात आणतो तो पारदर्शक थर, ज्यातून खालचे काळे डांबर जसेच्या तसे दिसते. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर लांब आणि समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरांहून उंच आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तो सुरू झाल्यापासून लाहौलचे बर्फ हिवाळ्यातही सर्वसामान्य पर्यटकाच्या आवाक्यात आले. आत रस्ता कोरडा, उजेड चांगला, गाडी एका लयीत चाललेली. बाहेर पडताच डोळे पांढऱ्या उजेडाने दिपतात आणि नेमक्या त्याच क्षणी चाके गोठलेल्या ओलीवर येतात. बोगद्याचे तोंड दिसू लागताच, आतच वेग कमी करून घ्यावा.

असाच थर डोंगराच्या सावलीतल्या वळणावर, पुलावर आणि जिथे झऱ्याचे पाणी रस्ता ओलांडते तिथे असतो. पुलाला वरून आणि खालूनही थंड हवा लागते, म्हणून पुढचा-मागचा रस्ता कोरडा असला तरी पूल आधी गोठतो. हा थर ओळखण्याच्या खुणा बारीक आहेत, पण लक्ष असेल तर कळतात. रस्ता ओला दिसतो, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाही. टायरचा घर्षणाचा आवाज एकदम बंद होतो. स्टिअरिंग हातात हलके, रिकामे लागते. यातले काहीही जाणवले की काही करू नये, म्हणजे ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही, वळवणे नाही. पाय उचलून, स्टिअरिंग सरळ धरून तो तुकडा पार होऊ द्यावा.

तरीही गाडी घसरलीच, तर कोणते टोक घसरते आहे त्यावर उपाय ठरतो. स्विफ्ट, क्रेटा, अर्टिगा यांसारख्या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. त्या बहुधा वळत नाहीत, सरळच जात राहतात. अशा वेळी स्टिअरिंग आणखी पिळण्याचा मोह होतो. उलट ते थोडे सरळ करावे, पाय उचलावा, म्हणजे पुढची चाके पुन्हा फिरू लागून पकड घेतात. बोलेरो, इनोव्हा क्रिस्टा, टेम्पो ट्रॅव्हलर यांची ताकद मागच्या चाकांना असते. त्यांची शेपटी बाहेर फेकली जाते. शेपटी ज्या बाजूला जाते आहे त्याच बाजूला स्टिअरिंग हलकेच वळवावे आणि गाडी सरळ होऊ लागताच तेही परत आणावे. दोन्ही प्रकारांत क्लच दाबावा, ब्रेकवर उडी मारू नये, आणि नजर दरीकडे न ठेवता जिथे जायचे आहे त्या रस्त्यावर ठेवावी, कारण हात नजरेच्या मागे जातात.

आपल्या चालकांना यातले बरेच शिक्षण घरीच मिळालेले असते, पण त्याची आठवण नसते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानातल्या शेतरस्त्यावर पहिल्या पावसानंतर ज्याने गाडी नेली आहे, त्याला ठाऊक असते की तिथे ब्रेक मारायचा नसतो, स्टिअरिंगला हिसका द्यायचा नसतो, थांबायचे तर नसतेच. तीच हळुवार पद्धत बर्फावर चालते. निघण्यापूर्वी आठवडाभर रोज सकाळी रहदारी नसताना सराव करावा. शेजारच्या सीटपुढे पायाशी अर्धा भरलेला तांब्या ठेवावा आणि पाणी न सांडता गाडी हलवणे, वळवणे, थांबवणे जमेपर्यंत चालवावी.

गाडीची तयारी

रेडिएटरमध्ये साधे पाणी भरत राहणे ही चाळीस-बेचाळीस अंशांच्या गावात रुजलेली सवय आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि मनालीत रात्री उभ्या गाडीचा रेडिएटर किंवा इंजिनाचा ब्लॉकही फोडू शकते. सोलापुरातच सगळे पाणी काढून, कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे असे मिश्रण भरून घ्यावे. ते उणे ३५ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारे द्रव भरावे. उन्हाळ्याने बॅटरीचे आयुष्य कमी केलेले असते, पण ते उघडकीला येते थंडीत. तीन-चार वर्षांची बॅटरी तपासल्याशिवाय नेऊ नये.

आपल्याकडे मिळणाऱ्या टायरचे रबर पारा ७ अंशांखाली गेला की कडक होते आणि पकड सोडते. कायद्याने नक्षीची खोली १.६ मिलिमीटर चालते, पण बर्फासाठी ४ मिलिमीटर तरी हवी. गोटा झालेले किंवा रिमोल्ड टायर घेऊन जाणे हा सरळसरळ जिवाशी खेळ आहे. तापमान पाच-सहा अंशांनी उतरले की टायरमधील हवा साधारण एक पीएसआयने कमी होते, त्यामुळे सोलापुरात भरलेली हवा मनालीत सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी तपासून घ्यावी. बर्फावर पकड यावी म्हणून मुद्दाम हवा कमी करू नये.

डिझेल गाडीची टाकी मैदानी भागातून पूर्ण भरून नेऊ नये. अतिथंडीत साध्या डिझेलमध्ये मेणासारखे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांतही वाहते राहणारे खास डिझेल आणले ते याच कारणाने. पोहोचल्यावर स्थानिक पंपावर टाकी भरावी आणि ती अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

रात्री गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवला तर तो सकाळी गोठून अडकतो. शक्यतो सपाट जागा शोधावी, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि चाकाला लाकडी ठोकळा लावावा. निघताना तो आठवणीने उचलावा, कारण घाटात रस्त्यावर सोडलेले दगड मागच्याचा घात करतात. वायपर काचेपासून उचलून ठेवावेत. सकाळी काचेवर गरम पाणी ओतू नये, काच तडकते. आतून हिटर सावकाश चालू करावा आणि बाहेरून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावे. काचेला आतून वाफ धरली तर एसी आणि हिटर एकत्र चालवून बाहेरची हवा आत घ्यावी.

चाकाला लावायची चेन आपल्या टायरच्या मापाची हवी आणि ती ताकदीच्या चाकांना लावायची असते, म्हणजे स्विफ्टला पुढे आणि बोलेरोला मागे. लावल्यावर शंभर-दोनशे मीटर जाऊन पुन्हा आवळावी, वेग ताशी तीसच्या आत ठेवावा आणि कोरडे डांबर लागताच सुरक्षित जागी थांबून काढावी. ती लावण्याचा सराव हातमोजे घालून घरच्या अंगणातच करून घ्यावा.

गाडी अडकली तर

चाक फिरवत राहिल्याने खालचा बर्फ वितळून पुन्हा गोठतो आणि खड्डा अधिक गुळगुळीत होतो. चाकांपुढचा बर्फ फावड्याने काढावा, चाकाखाली रेती, खडी किंवा ज्वारीचे रिकामे गोणपाट टाकावे आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच हलवून पाहावे. गाडी पुढे-मागे झुलवून निघते, पण ढकलणाऱ्यांनी गाडीच्या उताराच्या बाजूला कधीही उभे राहू नये.

रात्र गाडीतच काढायची वेळ आली तर सर्वांत मोठा शत्रू थंडी नसून बंद गाडीतला धूर असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसे दगावली, त्यांतील काहींच्या मृत्यूला कार्बन मोनॉक्साइड कारणीभूत ठरल्याचे सांगितले गेले. सायलेन्सरच्या तोंडावर बर्फ साचला की हा वायू आत येतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी उतरून सायलेन्सर मोकळा करावा, तासाला दहा मिनिटेच इंजिन चालवावे आणि वारा ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. इंजिन चालू ठेवून सर्वांनी झोपू नये. पांघरुणे, पिण्याचे पाणी, कडक भाकरी-चटणीसारखा टिकणारा शिधा, टॉर्च आणि औषधे डिकीत न ठेवता हाताशी ठेवावीत, कारण गोठलेली डिकी उघडत नाही.

ताजा बर्फ पडल्यावर पोलीस सोलंगच्या अलीकडेच साध्या गाड्या थांबवतात आणि फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या) किंवा चेन लावलेल्या गाड्यांनाच पुढे सोडतात. तिथे ओळख सांगून किंवा हुज्जत घालून पुढे जाण्याचा प्रयत्न करू नये. आपली गाडी मनालीतच उभी करून स्थानिक चालकाची फोर बाय फोर भाड्याने घ्यावी. घेण्यापूर्वी तिचे टायर वाकून पाहावेत, चेन गाडीत आहे का ते विचारावे, आणि दुपारी किती वाजता परत फिरायचे ते भाडे ठरवतानाच पक्के करून घ्यावे.